मोठ्या डोक्याच्या अकरा मुंग्या

“कुंदा, हिचं डोकं जरा मोठं झालंय.”

“मी मोठं केलेलं नाही सर. ते आहेच तेवढं.”

निगुडकर सरांनी चष्मा कपाळावर सारला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. मी शेजारी पेन्सिल धरून उभी होते. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली.

“खरंच गं. आहे तेवढं. मी चार वर्षं हिच्याकडे बघतोय आणि आज तुझ्या चित्रामुळे मला वाटलं, अरे, केवढं हे डोकं!”

१९८३ सालचा जानेवारी होता. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात, मागच्या बाजूच्या लांबट खोलीत मी मुंग्यांची चित्रं काढत बसायची. मी तेवीस वर्षांची. ड्रॉइंग टीचरचा कोर्स झालेला, नोकरी नाही. प्राणिशास्त्राचं पुस्तक शाळा सुटल्यापासून हातात धरलेलं नव्हतं. माझे वडील, आप्पा, सिनेमाचे बॅनर रंगवायचे. पेंटर पांचाळ म्हटलं की शहरात कुणीही आमची शेड दाखवायचं. चित्रकार शोधत निगुडकर सर एकदा त्या शेडमध्ये आले, तेव्हा वीस फुटी नटीच्या पापणीचे केस मी शिडीवर बसून एकेक काढत होते. सर खाली उभं राहून ते केस मोजत होते.

“एकोणचाळीस,” ते म्हणाले. “हे तू मोजून काढलेस?”

“फोटोत तेवढेच आहेत,” मी वरूनच सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मुंग्यांवर.

सरांचा अठ्ठावन्नावा वाढदिवस मे महिन्यात होता आणि त्यानंतर निवृत्ती. आयुष्यभर त्यांनी सह्याद्रीतल्या मुंग्या गोळा केल्या होत्या. कुठली मुंगी कुठल्या जातीची, ती कुठून कुठपर्यंत सापडते, याच्या त्यांनी वह्याच्या वह्या भरलेल्या. पण नवी जात त्यांना एकदाही सापडली नव्हती. आता सापडली होती. सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या बाजूला साटेखोल नावाचं एक गाव आहे. तिथल्या रानातल्या मोठ्या डोक्याच्या अकरा मुंग्या एका कुपीत स्पिरिटमध्ये पडून होत्या. कुपीतल्या चिठ्ठीवर लहान, गोल अक्षरात तारीख होती, ‘१४ एप्रिल १९७९’, आणि खाली ‘बेहडा, वाळकी फांदी’.

अक्षर सुलभाताईंचं होतं. सरांच्या पत्नी. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि सुट्टी लागली की सरांबरोबर रानात जायच्या. अकरा मुंग्या त्यांनीच धरलेल्या. नंतर वर्षभरातच त्या आजारानं गेल्या.

मुंगीचं शास्त्रीय नाव सरांनी केव्हाच ठरवलं होतं. एका कागदावर लिहून त्यांनी मला दाखवलं.

“लॅटिनचा नियम असतो. बाईच्या सन्मानार्थ नाव द्यायचं तर शेवटी असा प्रत्यय लावायचा. सुलभे.”

“सर, हे तर हाक मारल्यासारखं वाटतं.”

“हो ना,” सर म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले.

लेख टाइप होऊन तयार होता. परदेशातल्या एका नियतकालिकाकडे तो शनिवारी रजिस्टर टपालानं जायचा होता. अडलं होतं ते माझ्या चित्रांसाठी. दोन मुंग्या शेजारी शेजारी काढायच्या होत्या, म्हणजे वाचणाऱ्याला फरक कळावा. एक ही नवी, मोठ्या डोक्याची. दुसरी तिची जवळची नातलग, लहान डोक्याची. ही दुसरी जात जुनी. ऐंशी वर्षांपूर्वी एका साहेबानं सिलोनमधून तिचं वर्णन केलेलं, नंतर केरळच्या दक्षिण टोकाला सापडलेली. सरांनी ती साटेखोलच्या त्याच रानात पालापाचोळ्यावरून उचललेली होती. ती एवढ्या उत्तरेला येते हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्याचं सरांना फारसं कौतुक नव्हतं. लेखात त्यासाठी दोन ओळी होत्या.

मोठीचं चित्र झालं. सोमवारी मी लहानगी घेतली. मायक्रोस्कोपला एक आरसा बसवलेला असायचा. त्यातून एकाच डोळ्याला मुंगीही दिसायची आणि कागदावर चालणारी आपली पेन्सिलही. मुंगीवरूनच रेघ ओढल्यासारखं वाटायचं. पाठीवरच्या बारीक रेषा आल्या, मग दोन काटे, मग कंबरेची गाठ. गाठीपर्यंत आले आणि माझा हात थांबला. हे मी आधी काढलं होतं.

म्हणजे काय ते सांगते. बॅनरच्या धंद्यात पोस्टकार्डाएवढ्या फोटोवरून वीस फुटी चेहरा काढायचा असतो. त्यासाठी फोटोवर चौकोन पाडायचे, कापडावर तेवढेच मोठे चौकोन पाडायचे, आणि एकेक चौकोन भरत जायचं. हे मी दहाव्या वर्षापासून करत आलेली. हाताला सवय झालेली असते. एकदा भरलेला चौकोन पुन्हा समोर आला तर डोक्याच्या आधी हात ओळखतो.

मी लहानगीवर चौकोन पाडले आणि दीडपट करून दुसऱ्या कागदावर उतरवली. मग तो कागद मोठीच्या चित्रावर ठेवून खिडकीच्या काचेला लावला. मानेच्या मागचं सगळं एकावर एक बसलं. पाठीवरच्या रेषांना डावीकडे एक वळसा होता, काट्यांची टोकं किंचित आत वळलेली होती. दोघींचं तंतोतंत तसंच. फक्त डोकं वेगळं. जणू एकाच नटीच्या दोन बॅनरांवर कुणी वेगवेगळी मुंडकी बसवली होती.

मी दोन्ही कागद काचेवरून काढून टेबलाच्या खणात घातले.

तीन दिवस मी कुणाला काही बोलले नाही. गुरुवारी शेडमध्ये रंग कालवताना आप्पांना सगळं सांगून टाकलं. ते ऐकत ऐकत ब्रश पुसत होते.

“तुझ्या मास्तरांना कळत नसंल का हे? एवढे शिकलेले.”

“कळत असेल की. पण मुंगीला बायकोचं नाव दिलंय त्यांनी.”

आप्पांनी ब्रश डब्यात टाकला. मग म्हणाले, “टपाल कधी जायचं?”

“शनिवारी.”

“मग उद्या सांग. गेल्यावर सांगून काय उपेग?”

शुक्रवारी दुपारी सर चित्रं बघायला आले. मी दोन्ही कागद काचेला लावूनच ठेवले होते.

“सर, मला मुंग्यांतलं काही कळत नाही. पण ह्या दोघी मला बहिणी वाटतात. एकाच घरातल्या. थोरली-धाकटी.”

सर काचेजवळ गेले. बघितलं. परत आले आणि खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

“तू चित्रकार आहेस,” ते म्हणाले. “जे दिसतं ते काढ. त्याचा अर्थ लावायला मी आहे.”

“दिसतं तेच सांगतेय सर.”

“तुला काय वाटतं, एकाच वारुळात लहान-मोठ्या मुंग्या असतात हे मला ठाऊक नाही? मी पस्तीस वर्षं वर्गात हेच शिकवलंय! ऐंशी वर्षांत, सिलोनपासून केरळपर्यंत, त्या लहानीबरोबर मोठ्या डोक्याची मुंगी एकाही माणसाला सापडलेली नाही. एकालाही नाही. आणि ही झाडावरची आहे, ती जमिनीवरची. काचेला कागद लावून जाती ठरत नसतात.”

मी खाली मान घालून उभी राहिले.

“घरी जा तू,” सर म्हणाले.

मी पेन्सिली गोळा केल्या. निघताना मागे पाहिलं तर ते पाठमोरे उभे होते, पण खिडकीकडे तोंड करून, काचेवरच्या कागदांसमोर.

घरी जाऊन मी खूप रडले. नोकरी गेली म्हणून नव्हे. सरांनी मला कधी ‘तू कोण’ असं भासवलं नव्हतं. माझी रेघ न् रेघ ते दोन्ही हातांनी उचलून बघायचे. त्या माणसाला आपण दुखावलं, तेही नको त्या जागी, एवढंच डोक्यात घोळत होतं.

शनिवारी सकाळी मी शेडमध्ये आप्पांना शिडी धरून उभी होते, तर दारात सर. हातात टपालाचं पाकीट नव्हतं. खांद्याला रानात नेण्याची खाकी पिशवी होती.

“पांचाळ, तुमच्याकडे कामानं आलोय,” ते आप्पांना म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. “तुमची मुलगी जे म्हणते ते खरं की खोटं, हे खोलीत बसून ठरणार नाही. घरटं उघडून बघावं लागेल. एकाच फांदीतून दोघी निघाल्या तर ती बरोबर, नाहीतर मी. उद्या सावंतवाडीची सातची गाडी आहे. तीन-चार दिवस लागतील. तिला पाठवाल का?”

आप्पा शिडीवरून खाली उतरले. हात पुसले.

“पोरीला एकटी कशी लावून देऊ मास्तर? राग मानू नका.”

“बरोबर आहे तुमचं.”

“आणि घरटं झाडावर म्हणता. तुम्ही चढणार काय झाडावर ह्या वयात?” आप्पा म्हणाले. “मी बी येतो. चाळीस वर्षं परातीवरच गेलीत माझी.”

परात म्हणजे बॅनर रंगवायला बांधलेली बांबूची चौकट. तर असे आम्ही तिघं निघालो. प्राध्यापक, पेंटर आणि मी. एसटीत पहिला तासभर कुणी बोललं नाही. मग आप्पांनी डबा उघडला, आईनं दिलेल्या भाकरी आणि झुणका पुढे केला, आणि कुठल्या नटाचं नाक काढायला अवघड हे सरांना सांगायला लागले. सरांनी विचारलं, का अवघड? घाटमाथा येईपर्यंत दोघं नाकांवरच बोलत होते.

साटेखोलला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सत्यभामा गवस म्हणून एक बाई होत्या, पन्नाशीच्या, काजूच्या बागेत घर होतं त्यांचं. सर आणि सुलभाताई त्यांच्याकडेच उतरायचे. अंगणात अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. सरांना पाहून हातातली जुडी टाकून उठल्या.

“मास्तरांनू! किती वर्सांनी इलात!” मग त्यांनी आमच्या मागं वाटेकडे बघितलं. “आणि बाय खंय?”

सरांनी पिशवी खाली ठेवली.

“बाय गेली, सत्यभामा. तीन वर्षं होतील.”

त्या बाईंनी पदर तोंडाला लावला. “माका कोणीच सांगूक नाय,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. सर म्हणाले, “माझी चूक झाली. मी कळवायला हवं होतं.” मग सत्यभामाबाईच सावरल्या, पाणी आणलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. कोण, कुठली, काही न विचारता.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करून आम्ही सत्यभामाबाईंबरोबर रानात गेलो. बेहडा गावापासून अर्ध्या तासावर, ओढ्याच्या वरच्या अंगाला. चांगला कवेत न मावणारा. सरांचे गुडघे दुखायचे, चढ चढताना दोनदा बसावं लागलं. पण झाडाशी पोचल्यावर ते सरळ पालापाचोळ्यात पालथे झोपले आणि भिंग काढलं. पाच मिनिटांत त्यांना लहानगी सापडली. मग दुसरी. मग एक रांगच.

“कुंदा, तुझे डोळे तरुण आहेत. ही कुठे जाते बघ.”

मी रांगेच्या मागं लागले. पाचोळ्यातून, मुळावरून, मग खोडावर. मुंग्या खोडावरून वर जात होत्या. सरळ वर. पंधरा फुटांवर एक वाळकी फांदी होती, मनगटाएवढी जाड, साल गेलेली. तिला एक बारीक भोक होतं आणि रांग तिथं आत शिरत होती.

“जमिनीवरच्या नाहीत सर,” मी म्हटलं. “जमिनीवर फक्त कामाला येतात.”

मी वळून पाहिलं. त्यांनी भिंग खिशात ठेवलं होतं आणि हाताची घडी घातली होती, परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखी. त्या क्षणी मला वाटलं, देवा, माझं खोटं ठरू दे. नुसत्या लहानग्याच निघू देत फांदीतून, आणि आपण परत जाऊ.

आप्पांनी सत्यभामाबाईंकडची बांबूची शिडी लावली, कमरेला दोर बांधला आणि करवत दातात धरून वर गेले. फांदीला आधी दोर बांधला, मग सावकाश कापली. मुंग्या त्यांच्या हातावर चढल्या.

“चावतात का हो पांचाळ?” सरांनी खालून विचारलं.

“चावतात म्हणजे! ही तुमची लहान जात न्हवं? मोठी कशी चावत असंल!” आप्पा वरून ओरडले, पण हात हलू दिला नाही. फांदी दोरावरून अलगद खाली आली, एखादं तान्हं मूल खाली द्यावं तशी.

सत्यभामाबाईंनी धुतलेलं पांढरं धोतर आणलं होतं, ते पसरलं. सरांनी भोकात कापूस घातला. मग कोयता घेतला. त्यांचा पहिला घाव निसटला, म्हणून कोयता आप्पांनी घेतला आणि एका घावात फांदी उभी चिरली.

आधी लहानग्या निघाल्या. शेकड्यांनी. पांढऱ्या कापडावर तीळ सांडावेत तशा पसरल्या, तोंडात पांढरी अंडी, पिल्लं धरून सैरावैरा. आम्ही चौघं ओणवे होऊन बघत होतो. लहान, लहान, सगळ्या लहानच. माझ्या मनात आलं, हुकलं बाई, बरं झालं.

आणि मग चिरेच्या आतल्या टोकाकडून एक निघाली. सावकाश. तिला पळायची घाई नव्हती. डोकं एवढं की चालताना पुढं झुकत होतं. तिच्या मागून आणखी एक. मग तीन. लहानग्या त्यांच्या पायांखालून, पाठीवरून जात होत्या आणि त्या कुणाला काही करत नव्हत्या. एका थोरलीनं एका लहानगीच्या मिशांना मिशा लावल्या. ओळख पटली तशी दोघी आपापल्या वाटेनं गेल्या.

सरांनी गुडघे टेकले होते. ते किती वेळ बघत होते सांगता येत नाही. आप्पांनी टोपी काढून हातात धरली होती, का ते त्यांनाही ठाऊक नसावं.

“मोज, कुंदा,” सर म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

मी मोजल्या. मोठ्या डोक्याच्या सव्वीस. लहान मोजण्याच्या पलीकडे. मी वहीत आकडा लिहिला, पण अक्षर वाकडं आलं, कारण मला पुढचं दिसत नव्हतं.

“सर, मला माफ करा.”

“कशाबद्दल? मुंग्यांनी केलंय हे, तू नाही.”

तेवढ्यात सत्यभामाबाई सहज म्हणाव्या तसं बोलल्या.

“ह्या तर बायन तेव्हाच बघितलेला.”

सरांनी मान वर केली. “काय बघितलं?”

“तुमका ताप होतो नाय? तुम्ही घरात निजलेलात. त्या दिवशी वाऱ्यान ह्याच झाडाची फांदी मोडून पडली, तेच्यात दोनय तरेच्यो मुंग्यो होत्यो. बाय हयच बसली दिवसभर, जेवूकय इली नाय. माका म्हणाली, ‘गो सत्यभामा, ही सगळी एकाच घरातली माणसा. बारकी भायर कामाक जातत, मोठी घरात ऱ्हवान दार राखतत. म्हणान ती कोणाक दिसत नाय.’ मग मोठी तेवढी येगळी बाटलीत भरल्यान. म्हणाली, ‘ह्यांका येगळी लावलेली आवडतत. घराक जावन सांगतंय.’”

सर पालापाचोळ्यातच मागं सरकून बेहड्याच्या बुंध्याला टेकून बसले.

“सांगितलं होतं तिनं,” ते म्हणाले. “आली तेव्हा केसांत सगळा पाचोळा होता. माझ्या कपाळावरची पट्टी बदलली आणि म्हणाली, अहो, आज गंमत बघितली, एकाच फांदीत... मला एकशेतीन ताप. मी म्हटलं, नंतर बघू. मग कोल्हापूरला गेलो, परीक्षा आल्या, पेपर तपासायचे होते. मग तिचं दुखणं निघालं. तिनं पुन्हा विषय काढला नाही, आणि मी विचारलं नाही.”

आप्पा हळूच जाऊन त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या हातावर चावल्याच्या लाल गांधी उठल्या होत्या. सरांनी खिशातून मलमाची डबी काढली आणि आप्पांचा हात आपल्या मांडीवर घेऊन मलम लावायला लागले. एकेका गांधीवर, सावकाश. लावता लावता सरांना रडू फुटलं. आप्पांनी हात काढून घेतला नाही. मी आणि सत्यभामाबाई पलीकडे वळून फांदीचे दोन्ही भाग परत जुळवून दोरानं बांधायला लागलो, म्हणजे उरलेल्या मुंग्यांना आसरा मिळावा.

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. घाट चढताना अचानक माझ्याकडे वळले.

“तुला ठाऊक आहे का, ही लहानी केरळच्या दक्षिण टोकालाच संपते असं सगळे मानत होते. तिथून साटेखोल किती लांब? सहाशे मैलांचा फरक. मधल्या सगळ्या रानांत ती असणार, आणि कुणी फांदी फोडून बघितलेली नाही. हे केवढं मोठं आहे, आणि मी त्याला दोन ओळी दिल्या होत्या!”

त्यांचे डोळे अजून सुजलेले होते, पण त्यांत मी चार महिन्यांत पाहिली नव्हती अशी चमक होती. नव्या जातीबद्दल बोलताना ते हळवे व्हायचे. आता ते खूश होते.

त्यानंतर मी एकतीस वर्षं हेच काम केलं. मुंग्या, भुंगेरे, कोळी. सरांनीच मुंबईच्या एका संग्रहालयाला पत्र लिहून मला तिथं चिकटवलं. बरेच मोठमोठे शास्त्रज्ञ माझ्या टेबलाशी येऊन बसले. त्यांतल्या काहींना मी ‘सर, इथं काहीतरी चुकतंय’ असं सांगितलं, आणि प्रत्येक वेळी सांगताना मला भीती वाटली नाही ती एका माणसामुळे. शुक्रवारी मला घरी जा म्हणणारा माणूस शनिवारी पिशवी खांद्याला लावून दारात आला होता, हे मी पाहिलेलं होतं. एवढं मोठं देणं कुणी कुणाला देतं का, मला माहीत नाही. सरांना मी ते कधी नीट बोलून दाखवलं नाही. आप्पा मात्र त्यांच्याकडे दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जायचे आणि नाकांवर बोलून यायचे.

पण मला सांगायचंय ते त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतल्या एका दुपारचं.

सरांनी जुना लेख बाजूला ठेवून सगळा नव्यानं लिहिला होता. नवी जात नाही. ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्याच जातीच्या थोरल्या मुंगीचं पहिलं वर्णन, तिच्या घरट्याची हकिगत, आणि तिच्या पसरण्याची नवी उत्तर हद्द. मी दोघींचं चित्र नव्यानं काढलं, एका फांदीवर, मिशांना मिशा लावलेल्या. नकाशाही काढला. साटेखोलच्या जागी ठिपका द्यायला सरांनी माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि तो स्वतः दिला.

मग हातानं लिहिलेलं पहिलं पान त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. “हे टायपिस्टकडे देऊन ये.”

मी बघितलं. लेखकांच्या ओळीत दोन नावं होती. पहिलं माझं, कुंदा पांचाळ. दुसरं त्यांचं.

“सर, हे काय? मला ह्यातलं काय येतं? माझं नाव वर कसं?”

“शास्त्रात पद्धत साधी आहे,” सर म्हणाले. “ज्यानं आधी पाहिलं त्याचं नाव आधी.”

“मग माझं नाही येत.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आपण पुन्हा नको तिथं हात घातला. पण आता बोलून झालं होतं.

“मी कागदावर पाहिलं सर. तेही चार वर्षांनी. सुलभाताईंनी झाडाखाली बसून पाहिलं. सत्यभामाबाई साक्षीला आहेत.”

सरांनी पुढ्यातलं पान जवळ ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या नावाच्या वर, लहानशा जागेत, लिहिलं. सुलभा निगुडकर. माझं नाव दुसरं झालं, त्यांचं तिसरं. मग त्यांनी पान लांब धरून वाचलं, ओठ हलवत, पहिल्यांदा वाचल्यासारखं.

मी हात पुढे केला. “द्या सर, देऊन येते टायपिस्टकडे.”

“देऊन ये... नको,” ते म्हणाले. “थांब.”

कोपऱ्यात विभागाचा जुना टाइपरायटर होता. तो त्यांनी ओढून घेतला, फुंकर मारून धूळ उडवली, कागद चढवला. त्यांना टाइप करता येत नव्हतं. खुर्ची पुढे घेऊन, दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, ते त्या नावाला लागले.